मालकानं विमा काढला नसला तरी भरपाई त्यालाच द्यावी लागते : खान्देशातल्या जखमी कामगारासाठी

माझा मामा जळगावच्या एका दालमिलमध्ये कामाला होता. २०२१ साली चालू पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. अंगठा मुळापासून गेला, शेजारचं बोटही गेलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात खाटेशी मुनीम आला. हातात टाईप केलेला स्टॅम्प पेपर आणि शाईचं पॅड. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचं ठरलं. कागदावर लिहिलं होतं की पंचवीस हजार मिळाले, आता काही तक्रार नाही, पुढे कसलाही दावा करणार नाही. मागून शेठजींचा निरोप होता, "इमा नही शे भाऊ, मी कथाईन देसू?" (विमा नाही भाऊ, मी कुठून देऊ?) मामानं ठसा दिला. मामीनं पैसे पदराला बांधले. आम्हा सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

विषय संपलेला नव्हता. कायद्यापुढे तो कागद टिकत नाही, आणि "विमा नाही" हे तर कारणच होत नाही. आम्हाला हे दीड वर्षानं कळलं, आमच्या गल्लीतल्या कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाकडून. तेव्हापासून मी ही प्रकरणं जवळून पाहतोय, कागद जमवायला मदत करतोय. दीड वर्ष उशीर दुसऱ्या कोणाला होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो.

मुळात जबाबदारी कोणाची

कामावर, कामामुळे अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. १९२३ च्या कर्मचारी नुकसान भरपाई कायद्याच्या कलम ३ मध्ये हे सरळ लिहिलंय. विमा कंपनीचा तिथं संबंधच नाही. विमा ही मालकानं स्वतःचा खिसा वाचवायला केलेली सोय. ती त्यानं केली नसेल तर पैसे त्याच्या खिशातून जातील, एवढाच फरक पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात सामावला गेला. गाभा तोच राहिला. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या कायद्यानं दावा चालतो. मी खाली कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे देतो, कारण कोर्टात अजून त्याच भाषेत बोलतात. भरपाईचा दावा ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला जुन्या कायद्यात आयुक्त म्हणतात, संहितेत त्याला सक्षम प्राधिकारी म्हटलंय. एक भर संहितेनं घातली आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर, कामावरचा धरला जातो.

"तुझीच चूक होती, तूच हात घातला," असं मालक म्हणतो. कामगाराचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण होत नाही. दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम मुद्दाम मोडणं, मशीनचं गार्ड मुद्दाम काढणं, एवढ्याच गोष्टी मालकाला पुढे करता येतात, त्याही त्याला सिद्ध कराव्या लागतात. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर याही सबबी चालत नाहीत.

"तू तर रोजंदारीवर, कायम नव्हतास," हेही ऐकू येतं. हंगामी, रोजंदारी कामगारांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं कायद्यातून काढून टाकले. कारखाना आणि बांधकामाबरोबर शेती, जनावरं राखणं आणि जंगलातलं काम हेसुद्धा कायद्याच्या यादीत आहे. यावल-रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा गडी, विहिरीच्या क्रेनवरचा माणूस, थ्रेशरवर काम करणारी बाई, सगळे यात येतात.

आधी हे तपासा : ईएसआयसी लागू होती का?

वकिलाकडे जाण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण वाट इथंच फुटते. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर माणूस ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाच्या, योजनेत येतो. मग भरपाईचा दावा मालकावर लावता येत नाही, हक्क ईएसआयसीकडून घ्यायचा. तात्पुरत्या अपंगत्वात तिथं मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, उपचार वेगळे.

मालकानं तुमचं नाव नोंदवलंच नसेल, वर्गणी भरलीच नसेल, तरी कामावरच्या इजेसाठी कामगाराचा हक्क जात नाही. वर्गणी भरायची जबाबदारी मालकाची. शाखा कार्यालयात अर्ज द्या, काम करत होतो याचा पुरावा जोडा. ईएसआयसी तुम्हाला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते.

आता खान्देशासाठी फार महत्त्वाची गोष्ट. कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग, साखर आणि गूळ हे कायद्यात हंगामी कारखाने आहेत आणि हंगामी कारखान्याला ईएसआयसी लागू नाही. म्हणजे बोदवड, जामनेर, धरणगाव पट्ट्यात जिनिंगवर हात गेला, तर शंभर माणसं असली तरी दावा थेट मालकावर, भरपाईच्या कायद्यानं. मामाच्या मिलमध्ये आठच माणसं होती, म्हणून त्याचंही तसंच.

पहिले दोन दिवस

खरं सांगायचं तर निम्मी केस दवाखान्याच्या केस पेपरवर उभी राहते किंवा पडते. मालकाचा माणूस सोबत असतो, तोच डॉक्टरला सांगतो, "घरी पडला." ते एकदा लिहिलं गेलं की पुढे दोन वर्षं तेच खोडत बसावं लागतं. म्हणून घरचं कोणी पोचलं की पहिलं काम हे : केस पेपर वाचा. त्यावर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि "अमुक मिलमध्ये पट्ट्यात हात अडकून" असं लिहिलेलं हवं. नसेल तर डॉक्टरला नम्रपणे सांगून लिहून घ्या. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवायला सांगा, म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते.

पोलिसांत जबाब द्या, जागेचा पंचनामा व्हायला हवा. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, जखम झाली तर १२५. फौजदारी केस मालकाला तुरुंगात घालण्यासाठी करा असं मी म्हणत नाही. पंचनामा आणि जबाब भरपाईच्या दाव्यात कामाला येतात, म्हणून ते हवेत.

मशीन दुरुस्त व्हायच्या आत फोटो काढा. गार्ड नव्हतं हे फोटोत दिसलं पाहिजे. फोटो कोणी काढला, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून ठेवा.

पैशाची लगेच गरज असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखाना बसतो का ते विचारा. उपचाराचा झालेला खर्च मालकाकडून परत मिळायला हवा, म्हणून प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, रिक्षाची पावतीसुद्धा एका पिशवीत ठेवा. मालकानं औषधपाण्याला दिलेले पैसे भरपाईतून वजा होत नाहीत.

"हा आमच्याकडे नव्हताच"

विमा नसलेला मालक पुढे हेच म्हणतो. पगारपत्रक नाही, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरी कार्ड त्यांच्याच कपाटात. घाबरू नका, कागद नसला तरी खुणा असतात. फोन पे वर आलेला आठवड्याचा पगार, मुकादमाचा "उद्या सहाला या" असा व्हॉट्सॲप मेसेज, गेटवरच्या वहीतली नोंद, कारखान्यात काढलेले फोटो, बँकेचं पासबुक. दवाखान्यात कोणाच्या गाडीतून आणलं, ॲडव्हान्स कोणी भरला, त्या पावतीवर कोणाचं नाव आहे, हे बघा. मामाच्या केसमध्ये दवाखान्याची पहिली पावती मुनिमाच्या नावावर होती. उलटतपासणीत त्याला विचारलं, ओळखत नव्हता तर सहा हजार का भरले? तो बोलला नाही.

सोबतचे कामगार साक्षीला यायला कचरतात, त्यांनाही तिथंच काम करायचं असतं. जो काम सोडून गेलाय त्याला शोधा. तो बोलतो.

काम ठेकेदारामार्फत होतं? ठेकेदाराकडे काही नसतं आणि कारखानदार म्हणतो, माणूस माझा नाही. कलम १२ त्यासाठीच आहे. ज्याच्या जागेत, ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं, त्या मूळ मालकावर दावा लावता येतो. तो पुढे ठेकेदाराकडून वसूल करत बसेल. अर्जात दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

नोटीस

शक्य तितक्या लवकर मालकाला लेखी कळवा : नाव, पत्ता, अपघाताची तारीख, कसा झाला, काय इजा झाली. साध्या कागदावर मराठीत चालतं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत जपून ठेवा. नोटीस उशिरा गेली किंवा गेलीच नाही, पण मालकाला अपघात माहीत होता, तर तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकानं स्वतःच्या खर्चानं डॉक्टरी तपासणी देऊ केली तर जा, नाही म्हणू नका. नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो.

दावा दाखल करायची मुदत दोन वर्षं, अपघातापासून किंवा मृत्यू झाला तर मृत्यूपासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

स्टॅम्प पेपर

मामासारखा ठसा दिला असेल तर खचू नका. कलम १७ सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते. नोंद न केलेल्या तडजोडीत मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते, आणि दिलेल्या पैशातून आयुक्तानं वेगळं सांगितलं नाही तर निम्म्यापेक्षा जास्त त्याला वजा करता येत नाही.

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. वारसांच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. ते आयुक्ताकडेच जमा करावे लागतात. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी घरच्यांना देता येते. तेराव्याला पाकीट आणून सही मागणाऱ्या माणसाला हे शांतपणे सांगा.

किती मिळतं : हिशेब स्वतः करा

हिशेब स्वतःला येत असला की कोणी फसवू शकत नाही. तीन गोष्टी लागतात : महिन्याची मजुरी, अपघाताच्या वेळचं पूर्ण झालेलं वय, आणि त्या वयाचा गुणांक. हिशेबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. त्याआधीच्या अपघाताला ८,००० होती. गुणांक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, ६० ला ११७.४१.

मृत्यू झाला तर मजुरीचा निम्मा भाग गुणिले गुणांक. चाळीस वर्षांचा माणूस, पगार १८,०००. हिशेबाला १५,००० धरले, निम्मे ७,५००, गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये.

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ६० टक्के गुणिले गुणांक. अवयवाचं अंशतः नुकसान असेल तर त्यातला टक्का. टक्के पहिल्या अनुसूचीत छापलेले आहेत : अंगठा ३०, तर्जनी पूर्ण १४, मधलं बोट १२, एका हाताची चारही बोटं ५०, पूर्ण पंजा ६०. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४०.

मामाचं वय ४०, मजुरी १२,०००. साठ टक्के ७,२००, गुणिले १८४.१७ म्हणजे १३,२६,०२४. अंगठा आणि तर्जनी मिळून ४४ टक्के. ५,८३,४५० रुपये. त्याच्या हातावर पंचवीस हजार ठेवले होते.

टक्क्यांचा आग्रह यादीपुरताच धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या प्रकरणात कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व पूर्ण, म्हणजे शंभर टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यात "तो करत होता ते काम आता करू शकत नाही" हे लिहिलेलं असावं, आणि तो डॉक्टर साक्षीला यायला तयार असावा. यादीत नसलेल्या इजेला, जसं कंबर किंवा मणका, कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरच ठरवतो.

हाडं जुळून येईपर्यंतच्या तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरा दिवसांनी मजुरीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर पहिले तीन दिवस सोडून.

रोजंदारीवाल्याची मजुरी कशी काढायची? मागच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडून मिळालेल्या रकमेचा बारावा भाग. महिनाभरही काम झालं नसेल तर त्याच मालकाकडे तेच काम करणाऱ्याला, आणि तसा कोणी नसेल तर त्याच भागात तसंच काम करणाऱ्याला मिळते ती सरासरी. राहायला खोली, धान्य मिळत असेल तर त्याची किंमत मजुरीत धरायला सांगा.

मालकानं एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. दोन्ही कामगाराला मिळतात. अर्जात हे स्पष्ट मागा. अनेक अर्जांत दंडाची मागणीच नसते, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

अर्ज कुठे

महाराष्ट्रात काही ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश हे आयुक्ताचं काम पाहतात. जळगाव आणि धुळ्याला कामगार न्यायालय आहे. तुमच्या तालुक्यासाठी कोण, हे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथंच वकील मोफत मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००.

अपघात झाला तिथं, तुम्ही राहता तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथं, तिन्हीपैकी कुठेही दावा लावता येतो. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, साक्रीकडून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना ही तरतूद जीवदान आहे. सुरतेच्या बाजूला ट्रॅक्टरखाली माणूस गेला तरी बायकोला तिथं खेटे घालायची गरज नाही, दावा आपल्या जिल्ह्यात चालतो. आणि मुकादम म्हणेल, आधी उचल फिटू दे. भरपाईच्या पैशातून उचल, कर्ज, काहीही वळतं करता येत नाही, जप्तीही येत नाही. कलम ९.

एकाच अपघातासाठी दिवाणी दावा आणि हा दावा दोन्ही लावता येत नाहीत. पण बाकीच्या योजना वेगळ्या, त्या सोडू नका. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचे मृत्यूला दोन लाख. नोंदणीकृत बांधकाम कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर कल्याण मंडळाचे पाच लाख. नावावर सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना.

निकालानंतर

कायदा म्हणतो अर्ज तीन महिन्यांत निकाली निघावा. मामाला तीन वर्षं लागली. तारखा चुकवू नका, प्रत्येक तारखेला सामनेवाल्यानं काय सबब सांगितली ते वहीत लिहा. मालकाला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम जमा केल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून नुसती लांबण लावायला अपील परवडत नाही.

तरी पैसे दिले नाहीत तर कलम ३१ खाली वसुलीचा अर्ज करा. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तहसीलदार मालमत्तेवर जातात. विमा नसलेल्या मालकाकडे विम्याचा चेक नसला तरी प्लॉट असतो, शेड असते, शेत असतं. त्या सगळ्याचे गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर तुम्हीच शोधून द्या, तहसील कचेरी शोधत बसत नाही.

दावा लागल्यावर मालकानं मिल विकली किंवा मुलाच्या नावावर केली असेल, तरी कलम १४अ प्रमाणे अपघातानंतर हस्तांतर झालेल्या त्या जमिनीवर, इमारतीवर तुमच्या भरपाईचा पहिला बोजा राहतो. दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्याची) नक्कल काढा, विक्रीची तारीख अपघाताच्या तारखेशी ताडून पहा, आणि ती नक्कल वसुलीच्या अर्जाला जोडा.